वारा, पाणी आणि पांढरी

फेंगशुई या चिनी शब्दाचा अर्थ एवढाच : फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला या दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. मृगाचा वारा सुटला की नाही, तेरणा वाहती झाली की नाही, बोअरला किती फुटांवर पाणी लागले, यांवर इथले वर्षाचे हिशेब ठरतात. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून तर वाराही करारनाम्यात मोजायची वस्तू झाली आहे. असे असताना फेंगशुई हा शब्द आपल्यापर्यंत आला तो वारा-पाण्याचा अर्थ वाटेत सांडून. भेटवस्तूंच्या दुकानात तो पोट सुटलेल्या हसऱ्या मूर्तीच्या, तोंडात नाणे धरलेल्या तीन पायांच्या बेडकाच्या, किणकिणणाऱ्या नळ्यांच्या रूपात मिळतो, आणि वस्तू कोणत्या कोपऱ्यात ठेवायची एवढीच विद्या तिच्यासोबत घरात येते. माझे म्हणणे असे, की फेंगशुईत जे मूळ आहे ते मोलाचे आहे, ते आपल्याकडे आपल्या नावाने आधीपासून होते, आणि आज प्लॉट घेताना, घर बांधताना, गावाची वाढ आखताना आपण नेमके तेच विसरून सालपटाला पैसे मोजतो आहोत.

मूळ काय ते आधी पाहू. चिनी विचारात ‘छी’ नावाचा प्राणप्रवाह साऱ्या सृष्टीतून वाहतो असे मानतात. चौथ्या शतकात होऊन गेलेल्या ग्वो पू याच्या नावावर एक ‘दफनग्रंथ’ आहे. हा प्रवाह वाऱ्याने उधळतो आणि पाण्याशी येऊन थबकतो, म्हणून वारा अडेल आणि पाणी राहील अशी जागा निवडावी, असा त्याचा आशय. नावावरूनच कळते की या ग्रंथाला काळजी आहे ती पूर्वजांच्या थडग्यांची. त्यांची हाडे चांगल्या जागी विसावली तर वंशजांचे भले होते, ही त्यामागची श्रद्धा. उत्तम जागेचे चित्र हात असलेल्या खुर्चीसारखे असते. पाठीशी उंच डोंगर, त्याला काळे कासव म्हणायचे. डाव्या हाताला लांबट टेकडी, ती निळसर ड्रॅगन. उजव्या हाताला जरा ठेंगणी, ती पांढरा वाघ. समोर मोकळे अंगण, वळण घेत जाणारे पाणी आणि पलीकडे छोटा उंचवटा, तो लाल पक्षी. घराचे तोंड दक्षिणेला. उत्तर चीनचा हिवाळा डोळ्यांसमोर आणला तर या चित्रातला शहाणपणा लगेच दिसतो. मंगोलियाकडून येणारा कोरडा, बोचरा वारा पाठीमागचा डोंगर अडवतो आणि दक्षिणेकडे कललेला हिवाळी सूर्य दारातून आत येतो. नदीच्या वळणाच्या आतल्या काठावर वस्ती करा, बाहेरच्या काठावर नको, असेही फेंगशुई सांगते. नदी बाहेरचा काठ पोखरत जाते आणि आतल्या काठाशी गाळ साठवत जाते, हे भूगोलाच्या पुस्तकात आज शाळकरी मुले शिकतात. या निरीक्षणांभोवती नंतर यिन आणि यांग यांचा तोल, लाकूड-अग्नी-माती-धातू-पाणी ही पाच तत्त्वे, आठ दिशांचा ‘बाग्वा’ आणि वर्तुळांवर वर्तुळे कोरलेले ‘लोपान’ हे होकायंत्र गुंफले गेले. ही पाच तत्त्वे म्हणजे आपली पंचमहाभूते नव्हेत. त्यांत वायू आणि आकाश नाहीत, लाकूड आणि धातू आहेत, आणि ती पदार्थांपेक्षा बदलाच्या अवस्था म्हणून मांडलेली आहेत : एकातून दुसरी उपजते, एक दुसरीला आवरते.

आता हेच आपल्या भाषेत पाहा. मराठी गावाने आपली जमीन शतकानुशतके दोन शब्दांत वाटून घेतली : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात. ज्वारी-हरभऱ्याला ती आई आहे, पण तिच्यावर नुसती भिंत ठेवली तर भिंत तडकते. म्हणून गाव बसले ते पांढरीवर, पाण्याचा निचरा होणाऱ्या उंचवट्यावर, आणि पाणवठा हाकेच्या अंतरावर. हा निर्णय कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय घेतला गेला आणि तो गावोगाव इतका सारखा आहे की पांढरी हा शब्दच गावासाठी रूढ झाला. तेर घ्या. प्राचीन तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या सागरी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी बाजारपेठ म्हणून त्याची नोंद आहे. तेरणेच्या काठावरची तिथली जुनी टेकाडे म्हणजे एकावर एक रचलेल्या पांढरीचेच थर आहेत. तुळजापूरचे मंदिर डोंगराच्या उतारावर असे वसले आहे की भाविक पायऱ्या चढून नव्हे तर उतरून देवीपर्यंत जातो, आणि वाटेत कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थे लागतात. डोंगराच्या कुशीत पाणी झिरपून येते, हे जागा निवडणाऱ्याला ठाऊक होते. नळदुर्गात तर माणसाने जागेचे वाचन पुढच्या पायरीवर नेले. बोरी नदीने वेढलेल्या काळ्या पाषाणाच्या उंचवट्यावर हा किल्ला उभा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, नदीवर दगडी बांध घालून नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ किल्ला जोडला गेला, आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत असते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. तटाला पाणी, पाण्याला बांध, बांधाला सांडवा : नदी कुठून येणार, किती येणार आणि जास्त झाली तर कुठून जाणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या दगडांत आहेत. चारशे वर्षांनंतरही ती उत्तरे टिकली, याला मी या जिल्ह्याची सर्वांत मोठी वास्तुविद्या मानतो.

जागेवरून काढलेला नियम जागेपासून सुटला की काय होते, हे चीनमध्येच पाहायला मिळते. तिथे दोन मोठ्या परंपरा झाल्या. एक डोंगर, पाणी, उतार यांचा आकार पाहणारी, दुसरी होकायंत्र आणि पंचांग मांडून गणित करणारी. दुसरीला जागेवर जाण्याची गरज उत्तरोत्तर कमी भासू लागली. दिशांचे असे गणित तिच्याही आधीपासून रुजलेले होते. आडनावाच्या उच्चारावरून घराचे दार कोणत्या दिशेला असावे हे ठरवण्याची पद्धत पहिल्या शतकात तिथे होती, आणि वांग छुंग या चिनी विचारवंताने तिची त्याच काळात तर्काने चिरफाड केली होती. फेंगशुईवर शंका घेणे म्हणजे पाश्चात्त्यांची नक्कल, असे ज्यांना वाटते त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लिन युन यांच्या पंथाने होकायंत्रही बाजूला ठेवले. घराचे दार ज्या बाजूला ती चौकटीची खालची बाजू धरायची आणि बाग्वाचा नकाशा कुठल्याही घरावर पसरायचा. आता डोंगर नको, नदी नको, उत्तर-दक्षिणही नको. जगभरच्या शहरी सदनिकांना हे सोयीचे झाले आणि तिथून फेंगशुई वस्तूंच्या व्यापारात शिरली. त्या वस्तूंची ओळख तरी आपण करून घेतो का? हसऱ्या मूर्तीला आपण ‘लाफिंग बुद्धा’ म्हणतो, पण ती गौतम बुद्धांची मूर्ती नाही. दहाव्या शतकातल्या बुदाई नावाच्या झोळीवाल्या चिनी भिक्षूची ती प्रतिमा आहे. बुद्धविहारे गावोगाव असलेल्या मराठवाड्यात हा फरक माहीत असायला हवा. आणि भाग्याचा म्हणून पाण्यात ठेवतात तो ‘बांबू’ बांबूच नाही. मध्य आफ्रिकेतून आलेली ती ड्रॅसिना जातीची वनस्पती आहे.

पण फेंगशुईच्या वस्तूंवर टीका करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण आपल्या घरच्या दिशाभयाची पकड तिच्यापेक्षा घट्ट आहे. वास्तुशास्त्र म्हणून जे सांगितले जाते त्यात दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून दक्षिणमुखी दार अशुभ, आणि पाणी ईशान्येला. चीनमध्ये सम्राटाचे सिंहासनही दक्षिणेकडे तोंड करून असे. दोन्ही परंपरा प्राचीन, दोन्हींना ग्रंथांचा आधार, आणि दाराच्या दिशेबद्दल दोन्हींचे उत्तर उलट. वैश्विक ऊर्जेचा नियम असता तर तो हिमालय ओलांडताना पालटला नसता. हवामानाचा नियम मात्र पालटणारच. मग धाराशिवचे हवामान काय सांगते? हा जिल्हा सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो आणि हिवाळ्यात तो दक्षिणेला खाली येतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला हातभर छज्जा पुरतो : उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊब. जाच होतो तो पश्चिमेचा, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन कोणत्याही छज्ज्याखालून थेट भिंतीवर येते आणि रात्रीपर्यंत घर तापवत ठेवते. म्हणजे इथल्या माणसाने भ्यायचेच असेल तर पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला भ्यावे. दक्षिणमुखी म्हणून स्वस्तात जाणारा प्लॉट अनेकदा चांगला असतो, आणि त्याच्या स्वस्ताईचे कारण जमिनीत कुठेही नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो भावनेचा. एखादी मूर्ती ठेवल्याने मनाला उभारी येत असेल, दार फिरवल्याने घरातली चिंता ओसरत असेल, तर कुणाचे काय बिघडले? टेबलावरच्या मूर्तीने काही बिघडत नाही, हे मी मान्य करतो. माणूस घरात अनेक निरुपयोगी वस्तू प्रेमाने ठेवतो. पण सल्ला मूर्तीवर थांबत नाही. संडास पाडा, जिना हलवा, स्वयंपाकघर आग्नेयेला न्या, असे सांगितले जाते, आणि कर्ज काढून बांधलेले घर पुन्हा कर्ज काढून फोडले जाते. जिथे शेती एका पावसावर लटकलेली आहे तिथे हा खर्च किरकोळ नसतो. शिवाय घरात आजार असेल, मुलाला नोकरी नसेल, पीक गेले असेल, तर त्याचे कारण कोपऱ्यात सापडले असे सांगणे म्हणजे डॉक्टर, पीकविमा, बाजारभाव या खऱ्या दारांकडे जाणारी वाट अडवणे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये हनुमान चालीसा यंत्राच्या प्रकरणात निकाल दिला : अशा वस्तूंत अलौकिक शक्ती आहे असा दावा करून त्या विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरतात. तो निकाल फेंगशुईवर नव्हता. पण नाणेवाला बेडूक धन आणतो असे छापून तो विकणाऱ्यांना त्यातले तत्त्व लागू का होऊ नये, हा प्रश्न विचारायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुम्हीच म्हणता की डोंगर, वारा, वळणाचा काठ यांत शहाणपणा आहे. मग बाकीचेही शहाणपणाचे असेल आणि त्याचे कारण आपल्याला अजून उमगले नसेल, असे का मानू नये? होकायंत्राची सुई चिनी दिशाविद्येतूनच जगाला मिळाली. शन क्वो या चिनी विद्वानाने १०८८ च्या सुमारास लिहून ठेवले की ती बरोबर दक्षिणेला न थांबता किंचित पूर्वेकडे झुकते. हे सगळे खरे आहे. पण शन क्वोचे मोठेपण त्याने सुईकडे पाहिले आणि ती अपेक्षेप्रमाणे वागत नाही हे नोंदवले यात आहे. परंपरेतले खरे ओळखायची खूणही हीच : पाहून दुरुस्त करता येते ते ज्ञान, आणि काहीही घडले तरी जे चुकत नाही ते भाकीत. आपल्याकडे पाणाड्याचे उदाहरण रोजचे आहे. तळहातावर नारळ ठेवून तो रानातून चालतो, नारळ उभा राहिला की तिथे बोअर. लागले तर नारळाचे नाव, कोरडे गेले तर नशिबाचे. इथल्या खडकात पाणी असते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, आणि अनुभवी पाणाड्या झाडोरा, उतार, जवळच्या विहिरी नकळत पाहतच असतो. त्याच्या नजरेला दाद द्यावी आणि नारळ देवापुढे फोडावा.

आपल्या परंपरेलाही ही कसोटी लावली पाहिजे, आणि इथे एक कठीण गोष्ट बोलावी लागते. या भागाचे जुने घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ते विलक्षण थंड राहते. छत गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरायची, असे वर्षानुवर्षे चालले आणि छताचे ओझे वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जन आटोपून गाव झोपले असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. उमरगा-लोहारा भागातल्या सास्तूरसारख्या गावांनी हा आघात सोसला. त्या गल्ल्यांत पूर्वेची दारे होती, उत्तरेची होती, पश्चिमेची होती. दार कुठे आहे हे पाहून भूकंपाने कुणाला सोडले नाही. माणसे दबली ती दोन्ही अंगे एकमेकांत न बांधलेल्या भिंतींखाली आणि मातीच्या ओझ्याखाली. वारा आणि ऊन ओळखून बांधलेले घर जमिनीच्या हादऱ्याबाबत अडाणी होते. सरकारी नकाशाही तितकाच अडाणी होता : तेव्हा हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जाई, तो २००२ मध्ये वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात नेला गेला. भिंतीच्या आरपार जाणारे दगड, दारांच्या वर चारी बाजूंनी फिरणारा काँक्रीटचा पट्टा, हलके छत, एवढ्याने माळवद वाचू शकले असते. मात्र पुनर्वसनात दुसरी चूक झाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवताना अनेक ठिकाणी कागदावर चौकोन आखून सरळ रुंद रस्त्यांवर काँक्रीटची घरे ओळीने मांडली. भूकंप ध्यानात ठेवला, वारा आणि ऊन विसरले. मे महिन्यात ती घरे तापतात, म्हणून लोकांनी पुढे पत्र्याचे आणि छपराचे मांडव जोडत आपले अंगण परत मिळवले.

आज हा प्रश्न धाराशिव, उमरगा, कळंब, तुळजापूर या शहरांच्या कडेला रोज उभा राहतो. बिगरशेती झालेली काळी जमीन प्लॉट पाडून विकली जाते. जाहिरातीत दिशा ठळक असते, माती कुठेही नसते. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया खोल न्यावा लागतो, हे खरेदीखत झाल्यावर गवंडी सांगतो. त्याहून मोठी हेळसांड ओढ्यांची आहे. सरासरी पाऊस कमी असलेल्या जिल्ह्यात ओढा वर्षातले बरेच महिने कोरडा असतो, म्हणून तो बुजवण्यात कुणाला धोका वाटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत नद्या पात्र सोडून घरांत शिरल्या आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. या जिल्ह्याच्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना उतरते : मांजरा आणि तेरणा गोदावरीकडे, सीना आणि बोरी भीमेकडे. माथ्यावरच्या गावाला पाणी लवकर सोडून जाते आणि उताराखालच्या गावाला ते अचानक गाठते. प्रत्येक ओढ्याला म्हणून इथे अर्थ आहे.

नगरपरिषदेने आणि तहसीलने रेखांकन मंजूर करताना तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, अशी माझी मागणी आहे : जमिनीचा उतार, मुरूम किती खोल आहे त्याची खड्डा खणून केलेली नोंद, आणि जुन्या नकाशावरचा प्रत्येक ओढा नव्या नकाशावर जसाच्या तसा. यासाठी बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा मिळतो, आणि त्यात ओढे, नाले, पाणंदी आणि गावठाणाची हद्द दाखवलेली असते. प्लॉट घेणाऱ्यानेही इसार देण्यापूर्वी तो नकाशा काढावा, आणि पूर्वमुखी म्हणून चढ्या भावाने सांगितलेली आपली जागा ओढ्याच्या कोणत्या काठावर येते ते शोधावे.